खिडकीतून तळं दिसावं म्हणून

“झाडं मध्ये येतात,” बार्बरा स्क्रीनवरून म्हणाली. “माझ्या दिवाणखान्याच्या खिडकीतून तळं दिसायला हवं. जुन्या नकाशात दिसतंय. मग आता का दिसत नाही?”

मी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या ऑफिसात कॉन्फरन्स रूममध्ये बसले होते. शेजारी माझा बॉस ग्रेग, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. समोरच्या स्क्रीनचे दोन भाग झाले होते. एका भागात बार्बरा, कनेक्टिकटमधल्या तिच्या घरातून. दुसऱ्या भागात एल्स्पेथ, स्कॉटलंडमधून. तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती आणि मागे विटांची उंच भिंत. बार्बरा तिथल्या एका जुन्या किल्ल्याची मालकीण. एल्स्पेथ त्या किल्ल्याच्या बागेची मुख्य माळीण. तिच्याआधी तिचे वडील त्याच कामावर होते.

“ती झाडं वाऱ्यासाठी आहेत,” एल्स्पेथ म्हणाली. “तुम्ही जानेवारीत कधी त्या खिडकीत उभ्या राहिल्या आहात?”

बार्बरा हसली. “जानेवारीत तिथे कोण जातं?”

ग्रेगने माझ्याकडे पाहिलं. “प्रभा? तुझं मत काय?”

चिन्मयी, अर्णव, माझ्या टेबलावरचा किल्ल्याचा फोटो मी पालथा का ठेवते, असं तुम्ही मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारलंत. मला त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं नाही. म्हणून लिहून पाठवते आहे.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. तुमच्या पुण्यातल्या मित्रमैत्रिणींना तुम्ही “आजी गार्डनिंग करते” असं सांगता. ते अगदी चूक नाही, पण बरोबरही नाही. मी लँडस्केप आर्किटेक्ट होते आणि माझा विषय जुन्या बागा. एखाद्या जुन्या घराभोवती मोठा परिसर असतो. त्यातली झाडं, रस्ते, तळं हे सगळं कोणीतरी विचार करून आखलेलं असतं. शंभर-दोनशे वर्षांत ती आखणी पुसट होते. जुने नकाशे, पत्रं, चित्रं बघून मूळ आखणी शोधायची आणि काय परत आणावं, काय राहू द्यावं ते सांगायचं, हे माझं काम. आमच्या ऑफिसच्या चारी बाजूंना सॉफ्टवेअरची ऑफिसं होती. मधोमध आमचं एक, झाडांचं.

आणि स्कॉटलंडचा किल्ला म्हटल्यावर सिंहगड डोळ्यांसमोर आणू नका. ते एक दगडी, बुरुजांचं, मोठं घर आहे. एका बाजूला उतार आणि उताराच्या तळाशी तळं. घर आणि तळं यांच्यामध्ये सिकॅमोरच्या झाडांचा दाट पट्टा. (आमच्या व्हर्जिनियातला सिकॅमोर वेगळा. तिकडचा मेपलच्या कुळातला, वाऱ्याला चिवट.) घराच्या शेजारी, त्याच पट्ट्याच्या आडोशाला, चार भिंतींच्या आतली एक बाग. विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. त्या उबेच्या जोरावर तिथे पेअरची, म्हणजे नासपतीची झाडं वाढवली होती. फांद्या भिंतीला बांधून, हाताचा पंजा उघडावा तशा पसरवलेल्या. त्यातली एक जात फक्त त्याच बागेत होती. एल्स्पेथच्या वडिलांनी ती सांभाळली, मग तिने.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. खिडकी हवी की आडोसा.

बार्बराच्या हातात एक ड्रॉइंग होतं. किल्ल्याच्या कपाटात सापडलेलं, अडीचशे वर्षांपूर्वीच्या कोणा आखणीकाराने काढलेलं. त्यात दिवाणखान्याच्या खिडकीपासून तळ्यापर्यंत सरळ मोकळी वाट दाखवली होती. आमच्या भाषेत याला व्हिस्टा म्हणतात. नजरेसाठी ठेवलेला रस्ता. त्या वाटेवर एकही झाड नव्हतं.

बार्बराच्या मुलीचं लग्न जुलैमध्ये तिथेच व्हायचं होतं. तिकडे पक्षी घरटी करायला लागायच्या आत झाडं तोडावी लागतात. म्हणजे फेब्रुवारीअखेर. तोडायला सरकारी परवानगी लागते आणि ती मिळायला अहवाल लागतो. तो अहवाल मी लिहायचा होता. हातात सात आठवडे होते.

आमच्या ऑफिसात ऋजुता नावाची नागपूरची मुलगी होती. कॉम्प्युटरवर नकाशे बनवायची. जुना नकाशा पारदर्शक करून नव्या मोजणीवर ठेवायचा, त्याला ओव्हरले म्हणतात. दोन्ही जुळले तर जुना नकाशा मोजून काढलेला आहे असं समजायचं. ती मला मावशी म्हणायची, मीटिंगमध्येसुद्धा. ग्रेगला बरेच दिवस ते माझं मधलं नाव वाटायचं.

“परफेक्ट बसतंय यार,” ती म्हणाली. मग जीभ चावली. “सॉरी, मावशी. पण बघा ना. घर बसलं, बागेची भिंत बसली, तळ्याचा काठ बसला. फुटाचाही फरक नाही.”

“छान.”

“आणि किती क्लीन आहे! एक डाग नाही, घडी नाही. फ्रेम करून लावावंसं वाटतं.”

“लोक तेव्हा नीटनेटकं काम करायचे,” मी म्हणाले.

हे वाक्य मला अजून आठवतं आणि लाज वाटते. कारण याच ऑफिसात दर वर्षी नव्या लोकांना मी स्वतः शिकवायची की, जो नकाशा जमिनीवर वापरला गेला त्याला खुणा असतात. कोपऱ्यात टाचण्यांची भोकं, खिशात घालून पडलेल्या घड्या, चिखलाचा अंगठा. जो अगदी स्वच्छ आहे तो बहुधा मालकाला दाखवायला काढलेला असतो. तुमच्या घराजवळच्या बिल्डरचं ब्रोशर आठवा. त्यात रस्ता खरा, इमारत खरी, आणि स्विमिंग पूल अजून कोणाच्या तरी मनात. पण सगळं एकाच रंगात छापलेलं. बघणाऱ्याला काय झालंय आणि काय व्हायचंय ते कळत नाही.

मला कळायला हवं होतं. पण मला ते ड्रॉइंग आवडलं होतं. इतक्या नेटक्या रेषा, इतकं सुबक अक्षर. मी स्वतः तशी आहे, हे तुम्हाला माझ्या मसाल्याच्या डब्यांवरच्या लेबलांवरून माहीत आहे. नीटनेटका माणूस दुसऱ्या नीटनेटक्या माणसावर फार लवकर विश्वास ठेवतो.

“साइट व्हिजिट कधीची बुक करू?” ऋजुताने विचारलं.

“ती कॅन्सल केली. जाऊन येण्यात दोन आठवडे जातील, मग परवानगीची तारीख हुकेल. त्यांनी ड्रोनचा व्हिडिओ पाठवलाय.”

“पण तुम्हीच तर म्हणता, आधी चालायचं आणि मग आखायचं?”

“व्हिडिओ चांगला आहे, ऋजुता.”

व्हिडिओ खरंच चांगला होता. जूनमधल्या एका शांत दुपारी घेतलेला. तळ्यावर एक सुरकुती नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी एकही डेडलाइन हुकली नव्हती, आणि ही हुकू द्यायची माझी इच्छा नव्हती. दुसरं काही कारण नव्हतं.

त्या आठवड्यात कागद घरी आणून मी डायनिंग टेबलवर पसरले होते. तुमचे आजोबा हर्णैचे. नारळ-पोफळीच्या बागा आणि समुद्र यांच्यात लहानाचे मोठे झालेले. ते चष्मा कपाळावर ढकलून वाकले.

“वारा कुठून येतो तिथे?”

“नैर्ऋत्येकडून.”

“आणि ही झाडं कुठल्या बाजूला?”

“नैर्ऋत्येला.”

“मग?”

“मग काय?”

“काही नाही. आमच्याकडे समुद्राच्या बाजूची सुरूची झाडं कोणी तोडत नसे, एवढंच. चहा ठेवू?”

“ठेवा. आणि त्यात आलं घाला, मत नको.”

ते हसले आणि चहा ठेवायला गेले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. चाळीस वर्षांत त्यांनी माझ्या कामात नाक खुपसलं नव्हतं, त्या दिवशी पहिल्यांदा खुपसलं होतं. मी उडवून लावलं.

मग एल्स्पेथचा ईमेल आला. दोनच ओळी. ‘इथे अवजारांच्या खोलीत आधीच्या माळ्यांच्या रोजच्या वह्या आहेत. खूप जुन्या आहेत. तुम्हाला उपयोग होणार असेल तर फोटो काढून पाठवते.’

मी उत्तर दिलं. ‘धन्यवाद. किल्ल्यातल्या कागदपत्रांची पूर्ण यादी आमच्याकडे आहे. सध्या तेवढी पुरेशी आहे.’ आणि तो ईमेल फोल्डरमध्ये टाकला. माझी फोल्डरं ठरलेली असतात. नकाशे, पत्रव्यवहार, परवानग्या, फोटो. हा कशातच बसेना. ‘इतर’मध्ये टाकला.

अहवालात मी लिहिलं की मूळ आखणीत ही वाट मोकळी होती. झाडांचा पट्टा नंतरचा आहे, बागेकडे दुर्लक्ष झालं त्या काळात आपोआप वाढलेला. म्हणून साठ फूट रुंदीची वाट पुन्हा मोकळी करावी. पट्ट्याच्या दोन्ही बाजू शिल्लक राहतील, त्यामुळे आडोसाही राहील. खाली माझी सही. परवानगी देणाऱ्यांनी त्या सहीवर विश्वास ठेवला. का ठेवू नये?

तेवीस झाडं पडली. फेब्रुवारी संपायला चार दिवस होते. वेळेत.

पुढच्या सोमवारी एल्स्पेथचा दुसरा ईमेल आला. ‘मी बुंध्यांवरची वर्तुळं मोजली. दोनदा मोजली. सगळ्यात जुनं झाड तुमच्या ड्रॉइंगपेक्षा एकतीस वर्षांनी मोठं आहे.’

झाड दर वर्षी एक वर्तुळ वाढतं, हे तुम्ही शाळेत शिकलात. म्हणजे ड्रॉइंग काढलं तेव्हा ती झाडं तिथे उभी होती, दोन-तीन मजले उंच. आखणीकाराने घर मोजलं, भिंत मोजली, तळं मोजलं आणि झाडं मात्र काढलीच नाहीत. कारण ती तोडावीत असं तो मालकाला सुचवत होता. ते ड्रॉइंग म्हणजे त्याची इच्छा होती. घडलेली गोष्ट नव्हे. अडीचशे वर्षं ती इच्छा कोणी पुरी केली नव्हती. ती मी पुरी केली.

मी ते पत्र छापून ग्रेगच्या केबिनमध्ये घेऊन गेले.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. “झाडं पडली आहेत, प्रभा. आता मी काय करू? डिंक लावून चिकटवू?”

“त्या वाटेत ताबडतोब पुन्हा झाडं लावायला हवीत. तोपर्यंत जाळीचा आडोसा उभा करायला हवा. आत उभ्या असलेल्या झाडांना वाऱ्याची सवय नाही.”

हे थोडं समजावून सांगते. पट्ट्याच्या कडेला वाढणारं झाड लहानपणापासून वारा खातं. त्याची मुळं तशी पसरतात, खोड जाड होतं. आतली झाडं गर्दीत वाढतात, उंच आणि बारीक. त्यांना वारा माहीतच नसतो. तुम्ही मधून साठ फुटांची वाट पाडलीत की दोन्ही बाजूंची आतली झाडं एकाएकी कडेची होतात. आणि अरुंद वाटेतून वारा अधिक जोराने जातो, दारातून जातो तसा. दोन बाजू शिल्लक राहतील म्हणून आडोसाही राहील, हे माझं वाक्य कागदावर सरळ दिसत होतं. जमिनीवर ते उलटं होतं.

“लग्नाच्या फोटोत जाळी?” ग्रेग म्हणाला. “बार्बरा मला गोळी घालेल. लग्नानंतर बोलू.”

लग्नानंतर बोललो. बार्बरा स्क्रीनवर इतकी खूश दिसत होती. “तुम्ही मला माझी खिडकी परत दिलीत. आता तिथे काहीही लावायचं नाही हं.”

मी दोन पानांचा मेमो लिहिला. धोका काय, उपाय काय, केव्हापर्यंत. ग्रेगला दिला, बार्बराला पाठवला, एल्स्पेथला प्रत. आणि मला वाटलं, माझं काम झालं. मी फोन केला नाही. तिकीट काढलं नाही. कनेक्टिकटला गाडीने सहा तासांत जाता येतं, तिथे जाऊन बार्बराच्या समोर बसले नाही. लिहिलं म्हणजे केलं, अशी माझी समजूत होती. लग्नाच्या दिवशीचा फोटो ऑफिसने मोठा करून लॉबीत लावला आणि एक लहान प्रत मला दिली. खिडकीची चौकट, हिरवा उतार आणि चमकणारं तळं. फोटो अतिशय सुंदर आहे.

पहिला हिवाळा शांत गेला. मला वाटलं, कदाचित आपण उगाच घाबरलो.

दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, नैर्ऋत्येकडून वादळ आलं. वाटेच्या कडेची अकरा झाडं मुळांसकट पडली. त्यातलं एक बागेच्या भिंतीवर आडवं झालं. भिंत पस्तीस फूट कोसळली. पेअरची झाडं त्याच भिंतीला बांधलेली होती. माणसं कोणी जखमी झाली नाहीत. एल्स्पेथ अर्ध्या तासापूर्वीच तिथून घरी जेवायला गेली होती.

हे मला तिच्याकडून कळलं नाही. ग्रेगने येऊन सांगितलं आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला. नेहमीसारखा विनोद केला नाही. “तुझा मेमो माझ्याकडे आहे,” तो म्हणाला. “तू लिहिलं होतंस.”

“अहवालही मीच लिहिला होता,” मी म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी येऊन आजोबांना सांगितलं. ‘मी म्हटलं होतं’ असं ते म्हणतील याची मी वाट बघत होते. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “त्या बाईला फोन केलास?”

“ईमेल लिहिते आहे.”

“ईमेल नको गं. फोन कर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी केला. पडद्यावर तीच टोपी दिसली. मागे भिंत नव्हती, आकाश होतं.

मी माफी मागितली. तिने टोपी कानांवर ओढून घेतली. मग म्हणाली, “राग आला होता. फार आला होता. पण रागाने पेअर उगवत नाहीत.”

“ती तुमची जात?”

“पडलेल्या झाडावरून काड्या घेतल्यात कलमासाठी. चौदा बांधल्यात. बघू या.” मग तिने कॅमेऱ्यासमोर एक वही धरली. कातडी पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेल्या. “हे तुम्हाला तेव्हाच पाठवणार होते. तुम्ही नको म्हणालात.”

“वाचून दाखवाल?”

तुमच्या ड्रॉइंगच्या पुढच्या वर्षीचं पान आहे, असं म्हणून तिने वाचलं. त्या वेळच्या माळ्याने लिहिलेलं. ‘साहेबांनी आज झाडं कापायला माणसं बोलावली होती. मी साहेबांना वाऱ्यात उभं केलं. त्यांनी माणसं परत पाठवली.’

तेवढंच. पुढच्या ओळीत कोबीची रोपं किती लावली ते होतं.

बघा, मालकाचे कागद मालकाच्या कपाटात राहतात. त्यांची यादी होते, त्यांना नंबर मिळतात. माळ्याची वही माळ्याच्या खोलीत, फावड्यांशेजारी राहते. ज्या प्रश्नाचं उत्तर मी सात आठवडे कपाटात शोधत होते ते फावड्यांशेजारी होतं, आणि ते घेऊन एक बाई माझ्या दाराशी आली होती. मी तिला नम्रपणे परत पाठवलं. त्या जुन्या साहेबाने निदान बाहेर जाऊन वारा अंगावर घेतला होता. माळ्याचं ऐकलं होतं.

बार्बराने नंतर सगळं मान्य केलं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. वाटेत पुन्हा झाडं लावली. भिंत बांधली. चौदा कलमांपैकी तीन जगली. एल्स्पेथने त्यांचा फोटो पाठवला तेव्हा ती गुडघ्याएवढी होती. नव्या सिकॅमोरना वारा अडवण्याइतकं मोठं व्हायला तीस-चाळीस वर्षं लागतील. एल्स्पेथ अडुसष्ट वर्षांची आहे. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. हिशेब तुम्ही करा. तुम्ही कधी तिकडे गेलात तर खिडकीतून तळं दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर समजा, सगळं ठीक आहे.

फोटो मी फेकून देत नाही, कारण तो माझ्या कामाचा आहे. सरळ ठेवत नाही, कारण तो सुंदर आहे आणि येणारे लोक वाहवा करतात.

निवृत्त झाल्यावरही कधीकधी कोणी सल्ला मागतं. आता मी आधी दोन गोष्टी विचारते. वारा कुठून येतो, आणि माळ्याच्या वह्या कुठे आहेत. शिवाय कॉम्प्युटरवर ‘इतर’ नावाचं फोल्डर ठेवत नाही. आलेला कागद कुठल्याच फोल्डरमध्ये बसत नसेल, तर तो पहिल्यांदा वाचायचा.